गाडीला अर्थ मिळाला

“काका, बॅटरी चांगली हाय. गाडीले अर्थच नाही भेटून राह्यला.”

बॉनेटखाली वाकलेल्या तरुण मिस्तरीने हे वाक्य सहज उच्चारलं. त्याच्या लेखी ते निदान होतं, आणि पुढच्या दहा मिनिटांत ते बरोबर ठरलं. माझ्या मनात मात्र तो एक शब्द अडकून बसला. गाडीला अर्थ भेटत नाही, म्हणून ती बोलत नाही. शब्दांचा नाद असलेल्या माणसाला अशा वाक्यानंतर गप्प बसवत नाही.

गाव पोहरादेवी, तालुका मानोरा, जिल्हा वाशीम. संत सेवालाल महाराजांची समाधी इथे आहे, म्हणून हे गाव बंजारा समाजाची काशी. रामनवमीच्या यात्रेला तेलंगणा-कर्नाटकापासून गाड्या येतात. मी आलो होतो ते नगाऱ्याच्या आकाराची नवी वास्तू पाहायला. या बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन ५ ऑक्टोबर २०२४ रोजी झालं. पाहून बाहेर आलो आणि चावी फिरवली, तर सेल्फ नुसताच कण्हला. गाडी वीस वर्षांची. हॉर्न दाबला की दिवे मंदावायचे, इंडिकेटर लावला की हेडलाइटही डोळे मिचकावायचा, आणि टेपमधून इंजिनाच्या चालीबरोबर चढत जाणारी एक बारीक शीळ ऐकू यायची. ही सगळी दुखणी वेगवेगळी आहेत असं मी वर्षभर समजत होतो. दिग्रसच्या रस्त्यावरच्या टपरीतल्या त्या पोराने मीटरची एक काडी बॅटरीच्या मायनसला लावली, दुसरी गाडीच्या पत्र्याला, आणि मला हॉर्न दाबायला सांगितला. तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवं होतं. काटा एका व्होल्टच्या पुढे गेला. सगळ्या दुखण्यांचं मूळ एकच निघालं: गंजलेला अर्थ.

हा ‘अर्थ’ इंग्रजीतली पृथ्वी आहे, हे उघड आहे. पण गाडी रबराच्या चार चाकांवर उभी असते, तिचा जमिनीशी विजेचा काहीच संबंध येत नाही. मग तिच्यात पृथ्वी कुठून आली? ती आली तारायंत्रातून. १८३८ साली म्युनिकच्या श्टाइनहाइलने दाखवून दिलं, की संदेशाच्या विजेला परत यायला दुसरी तार लागत नाही, दोन्ही टोकं जमिनीत पुरली तर जमीनच परतीची वाट होते. तेव्हापासून परतीच्या वाटेलाच ‘पृथ्वी’ म्हणायचा प्रघात पडला. मोटार आली तेव्हा तिच्यातही निम्मी वायर वाचवण्यासाठी हीच युक्ती केली गेली. बॅटरीचा मायनस पत्र्याला जोडायचा, आणि प्रत्येक दिव्याने आपली परतीची वीज त्या पत्र्यातून पाठवायची. जमिनीचं काम पत्र्याने केलं, नाव मात्र जमिनीचंच राहिलं. आपल्याकडची तार १५ जुलै २०१३ रोजी कायमची बंद झाली, पण तिचा हा शब्द रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीत अजून फिरतो आहे.

संस्कृतातून आलेला आपला ‘अर्थ’ आणि हा जर्मानिक कुळातला ‘अर्थ’ यांचा अर्थाअर्थी काही संबंध नाही. एकाचा प्रवास हेतू, प्रयोजन, धन असा, दुसऱ्याचा माती, भूमी असा. लिपीत मात्र दोघे तंतोतंत एक झाले आहेत, आणि मराठीने त्यांना लिंगही एकच दिलं. ‘अर्थ चांगला लागला’, ‘अर्थ लागत नाही’ ही वाक्यं शाळेत आणि गॅरेजमध्ये सारखीच चालतात. पाठ्यपुस्तकात यासाठी ‘भूसंपर्कन’ असा शब्द आहे. घराच्या वायरिंगला तो अगदी नेमका बसतो. गाडीला नाही बसत, कारण तिथे भू नाही आणि संपर्कही नाही. मिस्तरीचा ‘अर्थ’ मात्र दोन्हीकडे चालतो. पुढे तो ‘अर्थ मारणे’ असं क्रियापदही वापरत होता. बोल्ट सोडवून काचकागदाने पत्रा लख्ख होईपर्यंत घासायचा, नवी जाड पट्टी कसायची, वर थोडं ग्रीस लावायचं, म्हणजे अर्थ मारला.

त्याला मी मिस्तरी म्हणतो आहे, वऱ्हाडात म्हणतात तसं. हा शब्द पोर्तुगीज ‘मेस्त्र’वरून आला, आणि तो लॅटिन ‘माजिस्तेर’चा वंशज. त्याच माजिस्तेरपासून इंग्रजी ‘मास्टर’ झाला आणि तिथून आपला मास्तर. एक समुद्रमार्गे गोव्याच्या बाजूने आला आणि हातात हत्यार घेऊन बसला, दुसरा इंग्रजी शाळेतून आला आणि त्याने खडू घेतला. मिस्तरी आणि मास्तर मुळात एकच माणूस आहेत. त्या दिवशी पोहरादेवीत मला ते प्रत्यक्ष पटलं, कारण तो मुलगा दुरुस्ती करता करता शिकवत होता. माझ्याशी वऱ्हाडीत बोलायचा, त्याच्याकडे शिकणाऱ्या दोन पोरांशी गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, आणि रंगांची, नंबरांची नावं मात्र दोन्ही भाषांत इंग्रजीतच.

आता बॅटरी हा शब्द घेतो, कारण तिच्यामुळेच मला संग्रहालयाच्या वास्तूकडे नव्याने पाहता आलं. फ्रेंचमध्ये ‘बात्र’ म्हणजे मारणं, बडवणं. त्यावरून ‘बातरी’ म्हणजे मारा, मग मारा करणाऱ्या तोफांची रांग. लष्करात तो अर्थ आजही आहे. १७४९ साली बेंजामिन फ्रँकलिनने काचेची विद्युत भरलेली अनेक तावदानं एकाला एक जोडली. एकेकट्या तावदानापेक्षा त्यांचा एकत्र तडाखा जबर बसायचा, म्हणून त्या रांगेला त्याने तोफखान्याचं हे नाव दिलं. व्होल्टाचा घट आला १८०० साली. आपण गाडीत वापरतो ती शिशाची आणि आम्लाची, पुन्हा भरता येणारी बॅटरी गास्ताँ प्लाँतेने बनवली १८५९ मध्ये. रांग हा अर्थ तिच्यात टिकून आहे. झाकणाखाली सहा घरं असतात, प्रत्येकात साधारण दोन व्होल्ट, आणि एकापुढे एक मिळून बारा. मराठीने एक वेगळीच गंमत केली. हातातल्या विजेरीलाच आपण ‘बॅटरी’ म्हणू लागलो. शेतात रात्री पाणी द्यायला जाणारा शेतकरी ‘बॅटरी घेतली का?’ असं विचारतो तेव्हा त्याला उजेड हवा असतो.

आता नगारा. अरबी ‘नकर’ या धातूचा अर्थ ठोकणं, बडवणं. त्यावरून ‘नक्कारा’, म्हणजे जे बडवलं जातं ते. फारसीच्या वाटेने तो दख्खनेत आला आणि मराठीत नगारा झाला, गोरबोलीत नंगारा. धर्मयुद्धांच्या काळात हाच शब्द पश्चिमेलाही गेला आणि मध्ययुगीन इंग्रजीत ‘नेकर’ नावाचं वाद्य झाला. म्हणजे माझ्या बॉनेटखाली जी वस्तू होती आणि मागे जी नगाऱ्याच्या आकाराची इमारत उभी होती, त्या दोघींच्या नावांत एकच क्रिया आहे, बडवण्याची. धातू वेगळे, भाषाकुळंही वेगळी, आणि तरी दोन टोकांच्या माणसांनी ताकदीचं नाव ठेवताना एकच चित्र डोळ्यांपुढे आणलं. मी मिस्तरीला हे सांगितलं. तो हात पुसत म्हणाला, “म्हंजे नंगाराच हाय ना बॅटरी. वाजल्याशिवाय तांडा नाही उठत.”

पण खरा शब्द पुढे आहे. मला वाटतं पोहरादेवीत उभं राहून ज्या एका शब्दाबद्दल बोललं पाहिजे, तो ‘चार्ज’.

लॅटिनमध्ये ‘कारुस’ म्हणजे गाडा. रोमनांनी हा शब्द गॉल लोकांकडून उचलला. त्यावरून ‘कारिकारे’ हे क्रियापद झालं, अर्थ गाड्यावर माल लादणे. फ्रेंचमध्ये त्याचं ‘शार्जे’ झालं आणि इंग्रजीत ‘चार्ज’. ‘कार’ त्याच कारुसची, ‘कार्गो’ आणि ‘कॅरी’ही त्याच घरचे. मग ‘चार्ज’ला फाटे फुटत गेले. तोफेत दारू ठासली, ती तोफेवर लादलेली, म्हणून चार्ज. बॅटरीत वीज भरली, तीही लादलेलीच. माणसावर जबाबदारी टाकली तर तो इनचार्ज. गिऱ्हाइकावर रक्कम टाकली तर दुकानदाराचा चार्ज. आरोपाचं ओझं टाकलं की चार्जशीट. लाठीचार्जमधला चार्ज चढाईचा, पण घर तेच. रुग्णालयातून डिस्चार्ज मिळतो तेव्हा ओझं उतरवून माणसाला मोकळं केलेलं असतं.

आता मराठीकडे पाहा. आपण कर लादतो, अटी लादतो, आरोप लादतो. ‘आरोप’ हा संस्कृत शब्दसुद्धा ‘रुह’ म्हणजे चढणे या धातूच्या प्रयोजक रूपावरून आला आहे. आरोप करणे म्हणजे चढवणे, एखाद्यावर वर ठेवणे. इंग्रजीतला चार्ज आणि संस्कृतातला आरोप दोन वेगळ्या रस्त्यांनी चालत बैलाच्या त्याच पाठीपाशी पोचतात. विज्ञानाच्या मराठी पुस्तकात विजेच्या चार्जला ‘प्रभार’ म्हणतात. ज्यांनी तो घडवला त्यांना मी मनापासून दाद देतो, कारण त्यांनी मुळातलं ओझं ओळखलं. सरकारी कागदावर इनचार्ज अधिकारी ‘प्रभारी’ असतो, तोही त्याच हिशोबाने. आणि ज्यांनी कधी परिभाषा कोश उघडला नाही ती माणसं काय म्हणतात? बॅटरी ‘उतरली’. हे कदाचित इंग्रजी ‘डाउन’चं मराठी रूप असेल. पण ओझं उतरवण्याला आपल्याकडे जो शब्द आहे तोच इथे आला, आणि मुळाशी तो जितका जुळतो तितका मुद्दाम शोधूनही सापडला नसता.

हे सगळं पोहरादेवीशी कुठे जुळतं? बंजाऱ्यांच्या जुन्या व्यवसायाचं नावच मुळी ‘लदेणी’. गोण्यांत धान्य आणि मीठ भरायचं, बैलांच्या पाठीवर लादायचं आणि शेकडो बैलांचा तांडा घेऊन मुलखामागून मुलूख पार करायचा, ही लदेणी. मोगलांच्या, मराठ्यांच्या, निजामाच्या फौजांना त्यांच्याच बैलांवरून दाणागोटा पोचायचा. वऱ्हाडचा कापूस रेल्वे येण्यापूर्वी घाटापलीकडे जायचा तोही बैलांच्या पाठीवरून. ‘बंजारा’ या नावाची एक व्युत्पत्ती वनात हिंडणारे म्हणून ‘वनचर’पासून सांगतात. मला दुसरी जास्त पटते: वाणिज्य, वणज, आणि वणज करणारा तो वणजारा. ध्वनींचे बदलही तिकडेच बोट दाखवतात आणि या समाजाचा इतिहासही. ‘लमाण’ या दुसऱ्या नावाचा संबंध सर्वसाधारणपणे ‘लवण’ म्हणजे मिठाशी जोडला जातो. एक नाव धंद्यावरून, दुसरं मालावरून. गोणी हा शब्द तर इथून निघून इंग्रजीत ‘गनी’ झाला, आणि सगळ्या जगाची पोती त्या नावाने ओळखली गेली.

‘लोड’बद्दलही सांगायला हवं. मिस्तरी म्हणाला, “जुन्या वायरिंगवर नव्या टेपचा लोड नका टाकू.” ‘लोड’ आणि ‘लाद’ कानाला भाऊ वाटतात, पण नाहीत. लादणे प्राकृतातल्या ‘लद्द’पासून आलं. इंग्रजी ‘लोड’ मुळात वाट, प्रवास या अर्थाचा शब्द. तो ‘लीड’ म्हणजे वाट दाखवणे याचा सख्खा. वाटेने जाताना जे न्यायचं ते ओझं, म्हणून पुढे ‘लोड’ ओझ्याचा झाला. आणि गोरबोलीतली लदेणी? तीही ओझं आणि त्या ओझ्यासकटची सफर, दोन्ही. जिथून इंग्रजी शब्द निघाला आणि जिथे पोचला, ती दोन्ही ठिकाणं या एका शब्दात एकत्र नांदतात.

रेल्वेने लदेणी संपवली. मुंबई-ठाणे गाडी १८५३ साली धावली, १८६७ मध्ये रूळ नागपूरला पोचले, आणि बैलांच्या पाठी रिकाम्या झाल्या. त्यापाठोपाठ १८७१ चा तो कायदा आला, ज्याने भटकत जगणाऱ्या कितीतरी जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. ‘चार्ज’चा सगळ्यात कडवट अर्थ त्या पिढ्यांच्या वाट्याला आला. तो कायदा देश स्वतंत्र झाल्यावर, १९५२ मध्ये गेला. त्यांचाच एक पणतू आज बॅटरी चार्जिंगला लावतो आणि तिला ‘चार्ज’ म्हणतो. म्हणजे, माल लादला असं म्हणतो. इंग्रजी हा त्या शब्दाचा फक्त मधला मुक्काम आहे. मूळ चित्र त्याच्या पणजोबाला माझ्यापेक्षा, आणि कुठल्याही इंग्रजापेक्षा, जास्त ओळखीचं होतं.

एकदा हा धागा हातात आल्यावर वायरिंगमधला जवळजवळ प्रत्येक शब्द तांड्याकडे वळू लागला. ‘करंट’ लॅटिन ‘कुरेरे’वरून, म्हणजे धावणे. भाषाशास्त्रज्ञ त्याचं आणि कारुसचं मूळ एकच मानतात. म्हणजे करंट आणि कार, दोघी धावणाऱ्या. ‘हॉर्न’ म्हणजे शिंग, आणि संस्कृतातल्या ‘शृंग’शी त्याचं रक्ताचं नातं आहे. आधी खरंच शिंग फुंकायचे, मग पितळी भोंगा आला, मग विजेचा, नाव बैलाच्या डोक्यावरचंच राहिलं. ‘रेडिओ’च्या मुळाशी लॅटिन ‘राडिउस’ आहे, त्याचा एक जुना अर्थ चाकाचा आरा. मध्यातून सगळीकडे फाकणारा तो आरा, म्हणून किरण, म्हणून किरणांवरून येणारा आवाज. आपण त्याला आकाशवाणी म्हटलं, नभोवाणी म्हटलं, आणि ही नावं देखणी आहेत. पण गाडीत बसलेल्या रेडिओच्या नावात चाकाचा आरा असावा, हेही कमी देखणं नाही. ‘इग्निशन’मध्ये आपला अग्नी आहे, लॅटिन ‘इग्निस’ आणि संस्कृत ‘अग्नि’ सख्खी भावंडं. लदेणीच्या वाटेवर रोज संध्याकाळी मुक्कामाला पेटणारी आगच ती.

या सगळ्यांत मला ‘रिले’ फार आवडतो. हॉर्नला करंट जास्त लागतो. स्टिअरिंगवरच्या नाजूक बटणातून तो सगळा नेला तर बटण जळतं. म्हणून बटणाने फक्त निरोप द्यायचा, आणि बॅटरीतून ताज्या दमाचा करंट रिलेने सोडायचा. फ्रेंचमध्ये ‘रले’ म्हणजे शिकारीच्या वाटेवर आधीच उभी केलेली ताज्या दमाची कुत्री, नंतर टप्प्याटप्प्यावर ठेवलेले घोडे. थकलेला थांबतो, ताजा निघतो. याला आपल्याकडे शब्द होता: डाक. टपाल हा तिचा नंतरचा अर्थ. आधी डाक म्हणजे टप्प्याटप्प्यावर बदलणारी माणसं आणि घोडे. डाक बसवणे म्हणजे वाटेवर रिले लावणे. तारायंत्रात लांबच्या वाटेवर क्षीण झालेला संकेत पुढच्या ठाण्यावर नव्या दमाने पाठवायचे, तिथून हा शब्द विजेत आला. कुणी तेव्हा त्या उपकरणाला ‘डाक’ म्हटलं असतं तर आज प्रत्येक गॅरेजमध्ये ‘हॉर्नची डाक गेली’ असं ऐकू आलं असतं. मला त्याची थोडी हुरहुर वाटते.

रिलेच्या बुडाशी आकडे असतात: ३०, ८५, ८६, ८७. ही जर्मन मानकांची देणगी. तीसवर थेट बॅटरी, पंच्याऐंशी-शहाऐंशीवर आतलं वेटोळं, सत्याऐंशीवरून हॉर्नला. तो मुलगा आपल्या शिष्याला हे आकडे पाढ्यासारखे म्हणायला लावत होता. टेपच्या खाचेलाही त्याच संस्थेचं नाव आहे. ‘सिंगल डिन घ्यायचा की डबल डिन?’ असं दुकानदार विचारतो, तो ‘डिन’ म्हणजे जर्मनीच्या मानक संस्थेची आद्याक्षरं. १८० मिलिमीटर रुंद आणि ५० उंच म्हणजे सिंगल, उंची दुप्पट केली की डबल.

टेपचंही सांगतो. माझ्या गाडीत बसवायचं नवं यंत्र कॅसेट घेत नाही. त्यात फीत नावाची वस्तूच नाही. फिलिप्सने कॅसेट १९६३ मध्ये आणली, ती येऊन गेली, सीडी येऊन गेली, आता फोनवरून गाणी येतात ती दहाव्या शतकातल्या हॅराल्ड ब्लूटूथ नावाच्या डेन्मार्कच्या राजाच्या नावाने. तरी वऱ्हाडात, आणि मला वाटतं साऱ्या महाराष्ट्रात, गाडीतल्या या यंत्राला अजून ‘टेप’च म्हणतात. ‘टेप लाव’, ‘टेप कमी कर’. दुकानाच्या पाटीवर लिहिलेला ‘स्टिरिओ’ बोलण्यात उतरला नाही. त्याचं मूळ ग्रीक ‘स्टेरेओस’, म्हणजे घन, भरीव. दोन बाजूंनी आलेल्या आवाजाला लांबी-रुंदीबरोबर खोली येते, तो सपाट राहत नाही, म्हणून भरीव. मोटारीतल्या रेडिओच्या जुन्या नावांत ‘मोटोरोला’ आहे, १९३० सालचं, ‘मोटर’ला त्या काळच्या ग्रामोफोनच्या नावांचं शेपूट जोडून केलेलं. आणि ‘ब्लाउपुंक्ट’, म्हणजे निळा ठिपका. तपासून चांगल्या ठरलेल्या हेडफोनवर तो ठिपका लावायचे, आणि लोक ठिपक्याच्या नावानेच माल मागू लागले, म्हणून कंपनीने तेच नाव घेतलं.

जुना टेप काढला तेव्हा मागे वायरींचा गुंता होता. पिवळी वायर कायमच्या करंटची, ती घड्याळ आणि लावलेली स्टेशनं लक्षात ठेवते, लाल चावीबरोबर चालू-बंद होणारी, काळी अर्थाची. आधी कुणीतरी पिवळी-लाल एकत्र पिळून चिकटपट्टी गुंडाळली होती, त्यामुळे टेप रात्रभर जागा राहायचा आणि बॅटरी चोरपावलांनी उतरायची. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी होती. मिस्तरीने ती माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाला, “याच्यानं गाड्या जळतात.” फ्यूज या शब्दातच वितळणं आहे. लॅटिनमध्ये ओतणे-वितळवणे या अर्थाच्या धातूपासून तो आला. ‘फाउंड्री’ आणि छपाईचा ‘फॉन्ट’ त्याच घरचे, आणि त्याहून मागे गेलं तर आपला ‘होम’, अग्नीत तूप ओतण्याचा. पुस्तकातला ‘वितळतार’ शब्द म्हणूनच मला शंभर टक्के मान्य आहे. वितळणं हेच त्या तारेचं काम. जी वेळेवर वितळत नाही ती चांदी त्या जागी बसवणं म्हणजे आगीला घरात बोलावणं. वाचकांनी आपल्या जुन्या गाडीची फ्यूजपेटी एकदा उघडून पाहावी, एवढं कळकळीने सांगतो.

जोड त्याने पिळून सोडले नाहीत, कथलाने डाख दिला. नवा टेप बसला, मागे दोन स्पीकर आणि एक ऊफर. कुत्र्याच्या भुंकण्यावरून ‘वूफर’, आणि पाखराच्या चिवचिवीवरून ‘ट्वीटर’. आपल्याकडे खालच्या आवाजाला खर्ज म्हणतात, तो ‘षड्ज’चाच झिजून झालेला शब्द. पोरं म्हणतात ‘बास’, त्याचाही मूळ अर्थ ‘खालचा’. पहिलं गाणं लागलं ते गोरबोलीतलं होतं, मला न समजणारं, पण नंगाऱ्याचा खर्ज मागच्या काचेपर्यंत स्पष्ट पोचत होता. शीळ पूर्ण गेली होती, कारण अर्थ आता एकाच जागी, पक्का होता.

अशा शब्दांना आपण ‘भेसळ’ म्हणतो, ते मला पटत नाही. भाषा शब्द घेते तेव्हा बहुतेक वेळा तिला काही वेगळं सांगायचं असतं. ‘तार’ आपल्याकडे होतीच, फारसीतून आलेली, सतारीत वाजणारी. तरी ‘वायर’ आली. आज मराठीत कुंपणाला असते ती तार, आणि प्लास्टिकच्या आवरणातली ती वायर. उघडं आणि झाकलेलं असा भेद इंग्रजीला एका शब्दात करता येत नाही, आपण तो उसन्या शब्दाने केला. ‘लाइट’चं त्याहून विलक्षण. ‘लाइट गेली’ म्हणतो तेव्हा ती स्त्रीलिंगी, कारण मनात वीज असते. ‘गाडीचा लाइट लागत नाही’ म्हणतो तेव्हा तो पुल्लिंगी, कारण मनात दिवा असतो. कुणी शिकवलं नाही, कुठल्या व्याकरणात नियम नाही, पण परक्या शब्दाखाली आपले दोन शब्द जागे आहेत. आणि ‘शॉर्ट’चा ‘शॉट’ झाला, कारण ठिणगी उडते, आवाज होतो. लघुपरिपथनात ती ठिणगी दिसत नाही. मोट गेली आणि मोटर आली, या दोन शब्दांचं नातं शून्य, तरी विहिरीवर एकीची जागा दुसरीने घेतली तेव्हा कानाला काही परकं वाटलं नाही.

कृ. पां. कुलकर्णींचा व्युत्पत्ति कोश १९४६ चा, दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश त्याच्याही आधीचा. ते कोश ज्या निष्ठेने झाले तिच्यापुढे मी वाकतो. पण त्यानंतर मराठी माणसाने सत्तर-ऐंशी वर्षं गाड्या दुरुस्त केल्या, आणि त्या हातांनी घडवलेले शब्द, ‘अर्थ मारणे’, ‘सेल्फ घेणे’, ‘बॅटरी उतरणे’, ‘शॉट होणे’, मोठ्या कोशांत आपल्या हक्काच्या जागी बसलेले नाहीत. लदेणीचे शब्द तर त्याहून घाईचे आहेत. गोणी बैलावर कशी बांधत, पुढच्या बैलाला काय म्हणत, मुक्काम उठवताना कोणती हाक देत, हे ज्यांनी आजोबांच्या तोंडून ऐकलं अशी माणसं पोहरादेवी, मानोरा, दिग्रस, पुसदच्या तांड्यांत अजून आहेत, आणि ती म्हातारी झाली आहेत.

म्हणून वाचकांना एक विनंती. पुढच्या वेळी गाडी मिस्तरीकडे न्याल तेव्हा दुरुस्ती होईपर्यंत तिथेच थांबा आणि त्याचे शब्द एका वहीत उतरवून घ्या, तो उच्चारतो तसेच, गावाच्या नावासकट. आणि तांड्यात तुमचं कुणी असेल तर या रामनवमीला जाल तेव्हा तिथल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसून लदेणीबद्दल विचारा.